आईच्या गाठीचं पुडिंग

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांत आधी कोण टपकावं, तर आमच्या चॅपलमधली पिकर्सगिल बाई! तीही न बोलावता. नाताळचं पुडिंग ढवळायचा रविवार म्हणजे घरच्या माणसांचा दिवस, हे साऱ्या यॉर्कला ठाऊक. पण ही आपली "चॅपलच्या कामानं आले गं" म्हणत आत शिरली, कोट माझ्या खुर्चीवर टाकला आणि चमचा हातात घेऊन मोकळी. डोळे मिटून, पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचं आणि मनातल्या मनात एक मागणं मागायचं. हिचं मागणं इतकं लांबलं की मला वाटलं बाई उभ्या उभ्या झोपली.

मग बेथनी आली. माझी नात, कीथची मुलगी. एकोणीस वर्षांची आहे आणि या महिन्यात तिचे केस निळे आहेत. ही वही तिनंच दिली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते लिहीत जा." ऐकून ऐकून कान किटले, असं सरळ म्हणायचं! माझं शिक्षण ते केवढं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि चॉकलेटच्या कारखान्यात डबे भरायला लागले. त्याआधीही आठवड्यातले दोन दिवस आई मला घरी ठेवून घ्यायची, मेव्हिसला सांभाळायला. त्यामुळे अक्षर हे असं, कोंबडीनं उकरल्यासारखं. पण कोरी पानं तशीच टाकून देणं माझ्या जिवावर येतं.

घ्या, मेव्हिसचं नाव आलंच. आता लिहिलंय तर सगळंच लिहिते.

मेव्हिस माझी धाकटी बहीण. लग्न करून बर्नलीला गेली, म्हणजे डोंगरापलीकडे, लँकशरात. आमच्या गल्लीत मुलगी पळून गेली तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. लँकशरला दिली तर सांत्वनाला येतात. तर ती मेव्हिस. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. मध्ये तिचा नवरा गेला, तेव्हाही मी गेले नाही. फुलं पाठवली, पण नाव न घालता.

कारण काय, तर सहा पेन्सांचं एक नाणं. जुनं, चांदीचं. आजोबांनी पहिल्या महायुद्धाहून परत आल्यावर पहिल्या पगारातलं आईला दिलेलं. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत असायचं. दर वर्षी आई ते पुडिंगमध्ये घालायची, ज्याच्या घासात येईल त्याचं वर्ष चांगलं जायचं, आणि मग नाणं धुऊन परत डबीत. अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात आई गेली. डबी उघडली तर रिकामी! आईचे हात तेव्हा फार थरथरायचे, तिनं त्या वर्षी पुडिंग केलंच नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत. मग नाणं गेलं कुठं? मला वाटलं मेव्हिसनं घेतलं. तिला वाटलं मी. दफनाहून आल्यावर चहाच्या वेळी, सगळ्या चॅपलसमोर मी म्हणाले, "लँकशरचं पाणी लागलं की हातांना उचलायची सवय लागतेच." मेव्हिस उठली आणि कोटाची एकच बाही घालून निघून गेली. दुसरी रस्त्यात घातली असेल.

तेव्हापासून मी पुडिंगमध्ये हल्लीचं पाच पेन्सांचं नाणं घालते. माशाच्या खवल्याएवढं. त्यानं कुणाचं वर्ष चांगलं जाणार?

आज ते टाकता टाकता बेथनी म्हणाली, "आजी, मेव्हिस आजीचा पत्ता आहे का गं? कॉलेजच्या कामाला हवाय." हल्ली कॉलेजात काय काय शिकवतात! सांगितला. तोंडपाठच आहे.

"आणि तू काय मागितलंस?"

"सांगितलं की फळत नाही," मी म्हणाले.

अकरा वर्षं एकच मागतेय आणि फळत तर नाहीच, तेव्हा सांगितलं असतं तरी काय बिघडणार होतं म्हणा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नाताळबाजारात चॅपलची टपरी लागते, तिच्यावर माझी बारा पुडिंगं जातात. रविवारी ढवळलेली अजून कच्ची, ती पुढच्या वर्षीची. विकायची ती गेल्या वर्षीची, वर्षभर मुरलेली. पण त्यातलं एक कीथनं ईस्टरला येऊन खाल्लं, उभ्यानं, कस्टर्डसुद्धा न घेता. राहिली अकरा. पिकर्सगिल बाईला बारा म्हणून सांगून बसलेय, आणि त्या बाईला एक कमी दिलं तर ती प्रार्थनेत माझं नाव घेईल.

म्हणून स्टुलावर चढले. (कीथला सांगायचं नाही.) कोठीच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, पार मागं, हात घातला आणि लागलं हो एक! चष्मा लावला नव्हता. चष्मा लावला की आरशात कुणीतरी म्हातारी दिसते. पण पुडिंग हाताला कळतं. चांगलं जड, जाड चिनी मातीच्या भांड्यातलं, आणि फडक्याची गाठ काय सुरेख! वर दुहेरी कान काढलेले, उकळत्या पातेल्यातून अलगद उचलता यावं असे. त्या वर्षी माझी बोटं बरी असणार. आता माझ्या गाठी बुटाच्या नाडीसारख्या येतात.

पुसलं, ब्रँडीचे चार चमचे पाजले, लाल फीत बांधली. झाली बारा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पाऊस. नदी पायरीवर आलीय. कंबर दुखतेय. बाकी काही नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस गेला! अजून कानात ती मेरी-गो-राउंडची वाजंत्री वाजतेय.

पिकर्सगिल बाई माझ्याआधी पोचून टपरीचा उबदार कोपरा धरून बसली होती, पलीकडच्या सॉसेजवाल्याच्या शेगडीला पाठ लावून. मला मिळाला वाऱ्याचा कोपरा. मी काही बोलले नाही. फक्त म्हणाले, "बस हो, तुझ्या वयाला ऊब हवीच." ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

गर्दी अशी की मुंगीला आत यायचं तर बाहेरच्या मुंगीनं निघायला हवं. अकरापर्यंत बसगाड्या येऊन लागल्या. हलचे, लीड्सचे, कुठले कुठले लोक, हातात मसाल्याच्या गरम वाइनचे पेले, आणि सगळे एकाच जागी थांबून मिन्स्टर कॅथीड्रलचा फोटो काढणार. मिन्स्टर काय पळून जातंय?

समोर चेस्टनट भाजणाऱ्याच्या शेगडीपाशी एक बाई उभी होती. हिरवी टोपी, त्यावर पीस. तोंड काही नीट दिसेना, धूर होता आणि चष्मा पिशवीत. पण अर्धा तास तिथंच! चेस्टनट घेत नाही, पुढे सरत नाही, आमच्याकडेच बघतेय.

"आरोग्य खात्याची असेल," मी म्हणाले. "पुडिंगं तपासायला."

"आरोग्य खातं असली टोपी घालतं होय?" पिकर्सगिल बाई म्हणाली. "असल्या टोप्या लग्नालाच घालतात. बाजारात घालून आलीय म्हणजे डोक्यानं अधू असेल बिचारी."

तेवढ्यात एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, चापून बसवलेली कॅप, बूट इतके चकचकीत की त्यात माझी टपरी दिसत होती. पुडिंगांकडे बघेचनात. मलाच म्हणाले, "थंडी फार आहे. कंबरेला त्रास नाही ना होत?"

"तुम्हाला कुणी सांगितलं माझ्या कंबरेचं?"

गोरेमोरे झाले. म्हणाले, "उभं राहण्यावरून वाटलं." गेले. सरळ हिरव्या टोपीकडे गेले, काहीतरी पुटपुटले, आणि परत आले!

"एकटं राहता का? मुलं येतात ना बघायला?"

"अहो, तुम्हाला पुडिंग हवंय की मी?" मी विचारलं. पिकर्सगिल बाईला चहाचा ठसका लागला. ते कानापर्यंत लाल. पण हसले. हसणं चांगलं आहे, कवळी जरा सैल आहे.

"एक पुडिंग द्या. सगळ्यांत जड असेल ते."

मी ते सुंदर गाठीचं दिलं. चांगल्या माणसाला चांगलं द्यावं. मग सहज विचारलं, "कुठून आलात?"

"बर्नली."

माझा हात फितीवरच थांबला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी म्हणाले, "तुमच्याकडे ते भुसभुशीत चीज खातात, ते याच्यासोबत खाऊ नका. आमचं वेन्स्लीडेल चीजच घ्या. पुडिंगचा अपमान होतो."

"आमच्याकडेही एक बाई अगदी याच आवाजात याच्या उलट सांगतात," ते म्हणाले.

"मग त्यांना काही कळत नाही."

"त्याही हेच म्हणतात."

बेथनी माझ्यामागे उभी राहून हातमोजा चावत होती. भूक लागली असेल पोरीला.

गृहस्थ पुडिंग घेऊन हिरव्या टोपीकडे गेले. तिनं कागद जरासा उघडला, भांडं बघितलं, ती गाठ बोटानं चाचपली आणि एकदम तोंडावर हात ठेवून चेस्टनटवाल्याच्या खोक्यावर बसलीच मटकन. चटका बसला असेल. तो माणूस चेस्टनट फार गरम देतो, मी नेहमी सांगते.

बेथनी धावत तिकडं गेली. मदत करायचा स्वभाव आहे तिचा. माझ्यावर गेलीय.

५ डिसेंबर, गुरुवार

माझ्या हातून काय झालं हे!

पिठाचा डबा सरकवला तर त्याच्यामागं पुडिंग. माझंच, गेल्या वर्षीचं, बुटाच्या नाडीसारख्या गाठीचं. म्हणजे बारावं इथं होतं. मग फळीवरून काढलं ते कुठलं?

चष्मा लावला आणि पुन्हा स्टुलावर चढले. वरच्या फळीवर मागं खोकं आहे, आईच्या घरून आणलेलं. अकरा वर्षांत मी ते धड उघडलेलं नाही. वरचं झाकण उघडं, आणि आत जुन्या वर्तमानपत्रात भांड्याचा गोल ठसा.

दुहेरी कानांची गाठ. आईच बांधायची तशी. मला कधी जमली नाही, मेव्हिसलाही नाही.

म्हणजे आईनं त्या वर्षी पुडिंग केलं होतं. त्या थरथरत्या हातांनी, आम्हाला न सांगता. आईच्या हातचं शेवटचं काही जगात उरलं होतं ते माझ्या डोक्यावरच्या फळीवर, आणि मी त्याला लाल फीत बांधून एका बर्नलीच्या माणसाला विकलं. वर चीजचं व्याख्यान दिलं.

स्टुलावरच बसून रडले. उतरता येईना म्हणूनही थोडं.

६ डिसेंबर, शुक्रवार

पिकर्सगिल बाईला सांगितलं. तिला पहिली काळजी निराळीच. "अकरा वर्षांचं पुडिंग! अगं बेरिल, तो मेला असेल!"

"चांगल्या पुडिंगनं कुणी मरत नाही."

"तू चॅपलच्या टपरीवरून माणूस मारलास."

नाव माहीत नाही, गाव बर्नली, बूट चकचकीत, एवढ्यावर कसा शोधायचा? रेडिओवर बातम्या लावून बसले. लँकशरच्या बातम्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. फुटबॉल आणि एक बकरी छपरावर. मेलेलं कुणी नाही.

बेथनी मात्र शांत. म्हणाली, "त्यांना काही झालेलं नाही, आजी. झालं असतं तर मला कळलं असतं."

"तुला कसं कळलं असतं?"

"असंच."

हिचं एकेक.

पण एक गोष्ट मी बेथनीला सांगितली नाही, पिकर्सगिल बाईला तर नाहीच. रात्रभर डोक्यात तेच. आईनं पुडिंग केलं असेल, तर नाणं कुठं गेलं असेल? आणि मग मेव्हिसला मी सगळ्या चॅपलसमोर जे बोलले ते काय होतं?

१७ डिसेंबर, मंगळवार

पत्र आलं. पाकीट बघूनच कळलं. 'बी' अक्षराचं पोट ती अजून उघडं सोडते. तिची पाटी मीच गिरवून घ्यायचे, म्हणजे चूक माझीच. इथं चिकटवते.

"बेरिल, तू मला आईचं पुडिंग विकलंस. तुला माहीत होतं का? मी ते उघडलेलं नाही. ते एकटीनं खायचं पुडिंग नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी येते. मिस्टर ऑर्मरॉड गाडी चालवतील. मेव्हिस. ता. क. चीज मी आमचं आणतेय, तू तुझं ठेव."

म्हणजे ती हिरवी टोपी...

मला काही फार आनंद वगैरे झालेला नाही. पडदे धुवायला झालेच होते. खिडक्याही पुसल्या. गालिचा झटकला. कोठी आवरली. जिना मेणानं घासला, त्यावरून कीथ घसरला.

२६ डिसेंबर, गुरुवार

सगळ्यांत आधी आत आली ती टोपी. पीस दाराच्या चौकटीला अडकलं, म्हणून मेव्हिसला वाकावं लागलं, आणि वाकून वर बघते तो मी समोर.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू नाही झालीस वाटतं? ते पीस कुठल्या कोंबडीचं?"

"जिना भलताच चमकतोय. कुणी यायचंय का?"

"छे. रोजच असतो."

मिस्टर ऑर्मरॉड मागं उभे, पुडिंग दोन्ही हातांत धरून, तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्याला आणावं तसे. जिवंत आहेत, हे बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात बराच वेळ हलवत राहिले. त्यांनाही बरं वाटलं असावं. मेव्हिसच्या चॅपलात हार्मोनियम वाजवतात, बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या घराचे नळ दुरुस्त करून देतात. माणूस उपयोगी आहे. फक्त मेव्हिसच्या घरचे नळ फारच वरचेवर बिघडतात असं दिसतं.

मेव्हिस बेथनीकडे बघून म्हणाली, "कॉलेजच्या कामाची तीन पत्रं आली मला. अभ्यासू आहे तुझी नात." बेथनीचं तोंड लाल, केस निळे, बघायला छान वाटत होतं.

पुडिंग वाफेला ठेवलं. चार तास. अकरा वर्षं तोंड न पाहिलेल्या दोन बायकांनी चार तास काय बोलायचं? कंबर, गुडघे, बसगाड्या. झालं. मग मेव्हिस कपाकडे बघत म्हणाली, "बेरिल, मी विचार करत होते. त्या नोव्हेंबरात मी आईकडे आले होते, तर तिच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. मी झटकलंसुद्धा. मला तेव्हा सुचायला हवं होतं."

"मलाही ते खोकं उघडायला हवं होतं."

"नाणं त्याच्यात असेल, तर..."

"तर," मी म्हणाले, आणि पातेल्यात पाणी घालायला उठले.

चारला अंधार पडला. दिवा घालवला, ब्रँडी ओतून काडी लावली, आणि निळ्या ज्वाळांचा रंग बेथनीच्या केसांच्या रंगाला जाऊन मिळाला. आत काळंभोर, कापसासारखं मऊ. वास असा आला की आई ॲप्रनला हात पुसत आत येणार असं वाटलं. मेव्हिस नाक ओढत होती. मी नाही. मला सर्दी होती.

पाच वाटण्या केल्या. एक आईची, मधोमध ठेवली. टेबलावर माझं वेन्स्लीडेल, समोर तिचं लँकशरचं, आणि मध्ये मिस्टर ऑर्मरॉड. त्यांनी चमचा खाली ठेवला, घसा खाकरला, माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही या घरातल्या वडील. मेव्हिसच्या बाबतीत मला तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमची हरकत नसेल तर..."

"अहो, हरकत कसली! संकोच करू नका, भरपूर आहे!" मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटलीत आणखी मोठा तुकडा वाढला. वर दोन्ही चीज. भूक लागलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. "खा आधी. खा म्हणते ना!"

त्यांनी मुकाट्यानं मोठा घास घेतला. कट्ट असं काहीतरी वाजलं. बदाम असेल. आणि मग त्यांचे डोळे पाण्यानं भरले. आईचं पुडिंग आहेच तसं.

आम्ही खात राहिलो. प्रत्येक घास जिभेवर घोळवत, हळूहळू. बेथनीचं संपलं, काही नाही. मेव्हिसचं संपलं, माझं संपलं, काही नाही. मग आईची वाटणी फोडली, चमच्यानं पार कुस्करून पाहिली.

नाही.

मिस्टर ऑर्मरॉड तर शब्दही काढेनात, ओठ घट्ट मिटून पुतळ्यासारखे बसलेले. मला वाटलं, माणूस आमचा निवाडा करतोय.

"म्हणजे आईनं घातलंच नव्हतं," मेव्हिस हळूच म्हणाली.

"नव्हतं."

"मग डबीत होतं. आणि डबीपाशी आपण दोघीच होतो."

"मी नाही घेतलं, मेव्हिस."

"मीही नाही. पण सगळ्या चॅपलसमोर नाव माझं घेतलं गेलं."

"मग तूही माझ्याबद्दल बर्नलीभर सांगितलंस ना!"

"सांगितलं! का नको सांगू?" ती उठली. कोटाकडे गेली. एक बाही घातली. तीच बाही, तोच कोट असावा बहुतेक, आणि मी तिथंच बसून, तशीच. बेथनी रडायच्या बेतात.

तेवढ्यात मिस्टर ऑर्मरॉड उठले. एक हात तोंडावर, दुसरा वर, पोलीस रहदारी थांबवतो तसा. मेव्हिस एका बाहीत थांबली. ते जिना चढून वर गेले. (घसरले, सावरले.) वर नळ वाहिल्याचा आवाज. बराच वेळ. मग खाली आले. हातात माझ्या न्हाणीतली साबणाची बशी, आणि तिच्यात, धुऊन पुसून लख्ख, आमचं सहा पेन्सांचं नाणं.

"माफ करा," ते म्हणाले. "पहिल्याच घासाला आलं. कवळीच्या वर जाऊन असं बसलं की ती काढल्याशिवाय निघेना. दोन बायकांसमोर कवळी कशी काढू? त्यातून एकीच्या बाबतीत विचारायचंही राहिलेलं. म्हटलं, संपलं की उठू. पण तुम्ही संपवेचनात."

"आणि आम्ही भांडत होतो तेव्हा?" मेव्हिस ओरडली. "अल्बर्ट! चाळीस मिनिटं!"

"तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं, मेव्हिस."

आधी बेथनी हसली, मग मी. मेव्हिस हसता हसता भिंतीला टेकली आणि त्या अर्ध्या कोटासकट माझ्या खांद्यावर आली. मग रडली. मीही. सर्दी होतीच.

माफी कशी मागतात, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. मी तिच्या चीजचा एक तुकडा उचलला, सगळ्यांसमोर तोंडात टाकला आणि नीट चावून गिळला.

"हेही काही वाईट नाही," मी म्हणाले.

मेव्हिसनं बाही काढली, कोट परत खुंटीला लावला. "चहा टाक," म्हणाली.

नाणं ज्याच्या घासात त्याचं वर्ष, असा नियम आहे. पण मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले, डबीत ठेवा, पुढच्या पुडिंगाला लागेल. मी म्हणाले, बाहेरच्या माणसाकडून परत घेणं बरं दिसत नाही. त्यावर मेव्हिस टोपीचं पीस सरळ करत म्हणाली, "तोपर्यंत बाहेरचे नसतील." मी म्हणाले, बरोबर, एकदा जेवलं की माणूस घरचाच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पिकर्सगिल बाई साडेसातलाच हजर. सगळं सांगावं लागलं, कवळीचं दोनदा.

काल निघताना मेव्हिस दारात म्हणाली, "बेरिल, तुझी ती निळी टोपी आहे का अजून? कीथच्या लग्नातली?"

"कसर लागली तिला."

"मग नवी घे. ईस्टर झाला की शनिवारी, सव्वीस एप्रिलला, सकाळी नऊला आम्ही गाडी घेऊन न्यायला येऊ. बर्नलीला. दोघंही येऊ."

बर्नलीला! अकरा वर्षं म्हणत होते, लँकशरात पाऊल टाकीन तर तिरडीवरून. पण हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मिस्टर ऑर्मरॉडनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "म्हणजे तुमची हरकत नाही तर?" मी म्हणाले, "चहाला यायला कसली हरकत?" त्यावर तिघंही का हसत सुटले कोण जाणे. बेथनीसुद्धा.

आज पिकर्सगिल बाईला तेच सांगितलं, तर खुर्चीत मागं रेलून डोळे पुसायला लागली. "अगं बेरिल," म्हणाली, "अगं बेरिल!" आणि पुढे काही सांगेचना. उलट म्हणाली टोपी घ्यायला ती माझ्याबरोबर येईल, आणि या वेळी चष्मा लावून चल.

कपभर चहाला नवी टोपी. बर्नलीचे लोक भलतेच मोठे झालेत. पण मेव्हिसनं सांगितलंय, तर घेईन. पीस असलेलीच घेईन, तिच्याहून लांब. नव्या कॅलेंडरवर मी लाल शाईनं गोल केलाय, आणि हरवू नये म्हणून इथंही लिहून ठेवते: शनिवार, २६ एप्रिल, सकाळी नऊ. मेव्हिस येणार.